विश्लेषण : दुरुस्तीनंतरही गळती परत का येते? वसई-विरारच्या जुन्या इमारतींतील नळवाहिन्यांचे दुखणे काय?

पावसाळा सरतो, तरी बाथरूमच्या छतावरचा ओला डाग सुकत नाही. वरच्या मजल्यावरचे शेजारी सांगतात, आमची लादी कोरडी आहे. प्लंबर येतो, लाद्यांच्या फटींत पांढरे सिमेंट भरतो, पैसे घेतो आणि महिन्याभरात डाग पुन्हा उमटतो. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार येथील तीस-पस्तीस वर्षांच्या इमारतींमध्ये हे वर्षानुवर्षे चालले आहे. उपचार होतो तो डागावर; पाणी नेमके कुठून आले हे कोणी पाहतच नाही. ते पाहायचे कसे, खर्च कोणाचा आणि दुर्लक्ष केल्यास काय होते, याचा हा आढावा.

या इमारतींच्या वाहिन्या वेगळ्या का?

मुंबईत घर परवडेनासे झालेली कुटुंबे ऐंशी-नव्वदच्या दशकांत पश्चिम रेल्वेच्या कडेकडेने इकडे सरकली. स्थानकांच्या दोन्ही बाजूंना उद्वाहन नसलेल्या, तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या इमारती भराभर उभ्या राहिल्या. परवानगी कुठे ग्रामपंचायतीची, कुठे नगरपालिकेची, कुठे १९९०नंतर नियोजन प्राधिकरण झालेल्या सिडकोची आणि अनेक ठिकाणी कोणाचीच नाही. वसई-विरार महापालिका आली ३ जुलै २००९ रोजी, चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून. म्हणजे आज गळणाऱ्या बहुतेक इमारती महापालिकेपेक्षा वयाने मोठ्या आहेत.

इथे घरे आधी आली आणि पाणी नंतर. सुरुवातीला विहीर, बोअरवेल आणि टँकर यांवरच भिस्त होती. उसगाव, पेल्हार, पापडखिंड ही धरणे छोटी. मोठा आधार मिळाला तो सूर्या प्रकल्पाचा. एमएमआरडीएच्या ४०३ दशलक्ष लिटरच्या सूर्या प्रादेशिक योजनेत वसई-विरारचा वाटा १८५ दशलक्ष लिटरचा आणि त्यातले पाणी यायला २०२३ साल संपत आले. तोवर अनेक इमारतींच्या नळांतून दोन-तीन दशके जड, काही ठिकाणी मचूळ पाणी वाहत होते. त्या पाण्याने आतून काय केले, ते आता बाहेर दिसू लागले आहे.

लोखंडी पाईप आतून कसा मरतो?

त्या काळात पिण्याच्या पाण्यासाठी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप वापरले जात आणि सांडपाण्यासाठी बिडाचे. जस्ताचा थर आहे तोवर लोखंड सुरक्षित असते. क्षार आणि क्लोराईड जास्त असलेले पाणी हा थर लवकर खाते. मग आतल्या बाजूला गंजाच्या गाठी धरतात, त्यांवर क्षारांचे पुट चढते आणि अर्ध्या इंचाच्या पाईपात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरते. बाहेरून पाईप धडधाकट दिसतो. सकाळी नळ सोडल्यावर पहिले तांब्याभर पाणी तांबूस येणे आणि मग धार बारीक होत जाणे, ही त्याची खूण.

पाईप सर्वात आधी हार मानतो तो जोडाशी. आटे पाडताना तिथले जस्त कापले गेलेले असते आणि लोखंडाची जाडीही कमी झालेली असते. त्यातच पितळी व्हॉल्व्ह थेट लोखंडी पाईपाला जोडलेला असेल, तर दोन धातूंच्या संगतीने लोखंड आणखी वेगाने झिजते. भिंतीत गाडलेल्या पाईपाचा एक तुकडा बदलला की पान्याच्या झटक्याने शेजारचा कुजलेला जोड हलतो. दुरुस्तीनंतर आठवड्याभरात दोन फुटांवर नवी गळती सुरू होते आणि खापर प्लंबरवर फुटते. दोष त्याचा थोडा असेलही. पण कुजलेल्या वाहिनीत तुकडा जोडण्याचे काम मुळात टिकणारे नाहीच. एकाच वाहिनीवर दोन-तीनदा गळती झाली असेल तर ती पूर्ण बंद करून नवी टाकणे शेवटी स्वस्त पडते. शक्यतो ती भिंतीत न गाडता उघड्यावरून किंवा डक्टमधून न्यावी. दिसायला बरी नसते, पण पुढच्या वेळी लाद्या फोडाव्या लागत नाहीत.

नव्या वाहिनीसाठी आता बहुधा सीपीव्हीसी वापरतात. ते गंजत नाही आणि गरम पाणीही सोसते. साधे यूपीव्हीसी फक्त थंड पाण्यासाठी. गिझरच्या वाहिनीला ते लावणे ही नेहमीची चूक. सीपीव्हीसीचा जोड त्याच्याच सोल्युशनने करायचा आणि तो सुकेपर्यंत पाणी सोडायचे नाही. घाईत सोडलेले पाणी जोडातून नंतर थेंबथेंब वसूल होते. गच्चीवर उन्हात राहणाऱ्या प्लास्टिकच्या वाहिनीला रंग किंवा आच्छादन हवेच.

वरच्या मजल्यावर धार बारीक का?

प्रत्येक वेळी गंजच कारणीभूत नसतो. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो; दहा मीटरला साधारण एक बार. शेवटच्या मजल्याचा नळ टाकीच्या तळापासून जेमतेम तीन मीटर खाली असतो, म्हणजे दाब ०.३ बार. तळमजल्याला त्याच्या चार-पाच पट मिळतो. त्यामुळे चौथ्या मजल्यावर शॉवर नीट चालत नाही, हा हिशेब आहे, बिघाड नाही. यावर प्रेशर पंप बसवण्याची टूम निघाली आहे. नव्या वाहिनीवर तो ठीक. पण तीस वर्षांच्या जीआय पाईपावर पंप लावणे म्हणजे गळतीला आमंत्रण देणे. टाकी रिकामी होऊन भरल्यावर मात्र धार अचानक बंद झाली, तर पाईपात हवा अडकलेली असते. गच्चीवर टाकीच्या व्हॉल्व्हनंतर हवा जाण्यासाठी उभी उघडी नळी असेल तर हा प्रश्न येत नाही. जुन्या इमारतींत ती नसते, किंवा कोणीतरी बूच मारून बंद केलेली असते.

डाग पाहून पाणी कुठले ते कसे ओळखायचे?

छतावर पाणी येण्याच्या वाटा मोजक्या आहेत: दाबाखालची नळवाहिनी, सांडपाण्याची वाहिनी, नहाणीच्या लादीखालचे वॉटरप्रूफिंग आणि पावसाळ्यात बाहेरची भिंत किंवा गच्ची. प्रत्येकाची वेळ वेगळी असते. म्हणून हातोडी उचलण्याआधी चार-पाच दिवस डाग कधी वाढतो याची नोंद ठेवावी. वरचे कुटुंब गावाला गेले तरी डाग तसाच ओला राहिला, तर नळवाहिनीचा संशय. सकाळी आंघोळी आटोपल्यावर तासा-दोन तासांनी थेंब वाढले, तर नहाणी ट्रॅप किंवा लादी. फ्लश केल्यावरच ठिबकले, तर कमोडखालचा जोड. आणि फक्त पश्चिमेच्या पावसात भिंत ओली होत असेल, तर बाथरूम फोडण्यात अर्थ नाही. बाहेरच्या प्लास्टरच्या चिरा, खिडकीवरचा छज्जा किंवा बाहेरून जाणाऱ्या पाईपाभोवतीची फट तपासावी.

त्यानंतर खात्री करायची. वरच्या बाथरूमकडे येणारा व्हॉल्व्ह बंद करून नळवाहिनी तपासता येते. याहून पक्की म्हणजे दाब चाचणी. सगळ्या नळांच्या जागी बूच मारायचे, हातपंपाने दाब द्यायचा आणि गेजचा काटा खाली येतो का ते पाहायचे. काटा स्थिर राहिला तर नळवाहिनी निर्दोष. मग नहाणीचे तोंड बंद करून लादीवर दोन-तीन इंच पाणी चोवीस तास उभे करायचे. त्यात थोडा रंग टाकला तर खाली उमटणारा थेंबच साक्ष देतो. ही चाचणी घेताना बाथरूमचा उंबरठा तेवढा उंच आहे ना, हे आधी पाहावे, नाहीतर पाणी खोलीत शिरते. फ्लशच्या टाकीत रंग टाकून तो न वापरता कमोडमध्ये उतरतो का, हेही त्याच दिवशी उरकता येते.

फसगत होते ती दुसऱ्याच ठिकाणी. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाजूच्या खोलीपेक्षा फूटभर खाली घेतलेला असतो आणि त्या खोलगट भागात विटांचे तुकडे भरून वर कोबा करून लादी बसवलेली असते. गळणारे पाणी या भरावात साचते. लादीखाली एक न दिसणारी टाकीच तयार होते. गळती थांबवली तरी तिथले पाणी काही दिवस, कधी काही आठवडे, खाली झिरपत राहते. खालचे कुटुंब म्हणते, दुरुस्ती फसली. वरचे म्हणतात, आमचा दोष नव्हताच. दोघेही चुकलेले असतात. म्हणूनच व्हॉल्व्ह एक दिवस बंद ठेवून काढलेला निष्कर्ष पक्का मानू नये आणि दुरुस्तीनंतर लगेच छताला रंग देऊ नये. छत सुकले की नाही हे पेन्सिलने डागाची कड आखून, तारीख लिहून पाहता येते. कड आक्रसत गेली तर काम झाले.

लाद्यांच्या फटी एपॉक्सी ग्राउटने भरणे हा उपाय निरुपयोगी नाही. लादीवरून पाणी उतरत असेल तर तो चालतो. पण नहाणी ट्रॅपचा जोडच निखळला असेल, किंवा भरावाखालचे वॉटरप्रूफिंग संपलेले असेल, तर लाद्या, भराव काढून स्लॅबपर्यंत जावे लागते. अशा वेळी नवे वॉटरप्रूफिंग भिंतींवरही फूट-दीड फूट चढवावे आणि लादी बसवण्याआधी पुन्हा पाणी उभे करून पाहावे. बरेच कंत्राटदार ही शेवटची पायरी गाळतात. पैसे देण्याची अट तीच ठेवावी.

ठिबकणाऱ्या नळाने असे किती पाणी जाते?

सेकंदाला एक थेंब पडणारा नळ दिवसाला चार-साडेचार लिटर घालवतो. बहुतेकदा आतला वॉशर झिजलेला असतो. तो बदलला की झाले. नळ जोर लावून आवळत राहिल्याने त्याखालची बैठक खराब होते आणि मग नळच बदलावा लागतो.

खरा चोर फ्लशची टाकी. आतला रबरी वॉल्व्ह क्षारांनी कडक झाला की कमोडच्या कडेने बारीक धार सतत उतरते. ती ऐकू येत नाही आणि सहजी दिसतही नाही. मिनिटाला १०० मिलिलिटर धरले तरी दिवसाचे १४४ लिटर. शहरी भागात एका माणसासाठी दिवसाला १३५ लिटर हा नियोजनाचा सर्वसाधारण निकष आहे. सोसायटीतल्या दहा घरांत अशी गळती असेल तर आठवड्याला १० हजार लिटर, म्हणजे एक टँकर, कमोडमधून वाहून जातो. टँकरचे बिल का वाढले यावर सर्वसाधारण सभेत तास-तास वाद घालण्यापूर्वी प्रत्येक घरात रंगाची चाचणी घेऊन पाहावी.

पाणी अधूनमधून येण्याचा गळतीशी काय संबंध?

वाहिनीत पाणी दाबाने भरलेले असते तेव्हा फुटक्या जोडातून ते बाहेर पडते. पुरवठा बंद झाला, वाहिनी रिकामी होऊ लागली, की उलटे घडते: आत ओढ तयार होते आणि बाहेरचे पाणी त्याच फटीतून आत शिरते. बाहेर ओली माती असेल तर गढूळ पाणी, गटार असेल तर गटाराचे. इथल्या अनेक भागांत पुरवठा चोवीस तास नाही, म्हणजे हा श्वास-उच्छ्वास दर पाळीला चालतो. जुन्या वस्त्यांत मुख्य वाहिनीवरून इमारतीपर्यंत येणारे जीआय पाईप उघड्या गटारातून किंवा त्याला चिकटून गेलेले दिसतात. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे वास येत असेल तर तो तिथूनच येतो. अतिसार, विषमज्वर, कावीळ हे याच वाटेने घरात येतात. घरातला फिल्टर हा त्यावरचा उपाय नव्हे. गटारातला तुकडा बदलून वर उचलून घेणे, हाच उपाय.

दुसरा धोका तळटाकीचा. वसई-विरारमध्ये रस्ते दर काही वर्षांनी वर उचलले गेले आणि जुन्या इमारती जागच्या जागी खाली गेल्या. कधीकाळी रस्त्यापेक्षा उंच असलेले आवार आता बशीसारखे झाले आहे. जुलै २०१८मध्ये नालासोपारा-वसई परिसर काही दिवस पाण्याखाली होता, तेव्हा तळमजल्याबरोबर जमिनीखालच्या टाक्यांतही पुराचे पाणी गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यांतही सखल भागांना हा अनुभव येत राहिला. टाकीचे झाकण आवाराच्या सपाटीला असेल तर तिचे तोंड दोन-तीन फूट उंच बांधून घेणे, हे सोसायटीच्या खर्चातले सर्वात शहाणपणाचे काम ठरेल. टाकी आणि सेप्टिक टँक शेजारी शेजारी आहेत का, हेही पाहावे. अनेक जुन्या आवारांत त्या तशा आहेत. पूर ओसरल्यावर टाकी उपसून, घासून, क्लोरीन टाकूनच पाणी वर चढवावे. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे भारतीय मानक सांगते. औषधाचा थेंब टाकून रंग पाहण्याची साधी चाचणी त्यासाठी पुरते.

पश्चिम पट्ट्यातल्या गावठाणांत आणि वाड्यांत चित्र वेगळे. तिथे घर जुने, विहीर स्वतःची आणि शौचालयाचा शोषखड्डा नंतर कधीतरी जागा मिळेल तिथे खणलेला. विहीर आणि खड्डा यांत साधारण १५ ते १८ मीटर अंतर हवे. कुटुंबे विभागली, आवारात दुसरे-तिसरे घर झाले, की हे अंतर आपोआप कमी होते.

सांडपाणी तुंबते ते कुठे?

एकाच घराची मोरी तुंबली तर दोष घरातला: केस, साबणाचा थर, भांड्यांचे तेल. ट्रॅप काढून साफ करता येतो. वापरात नसलेल्या बाथरूममधून वास किंवा झुरळे येत असतील, तर ट्रॅपमधले पाणी सुकलेले असते. दर आठवड्याला बादलीभर पाणी ओतावे. पण तळमजल्याच्या मोरीतून वरच्यांचे पाणी उलटे येऊ लागले, तर अडथळा बाहेरच्या चेंबरमध्ये किंवा त्याच्याही पुढे असतो. घरात ॲसिड ओतून उपयोग नाही. त्याने उरलेसुरले बिडाचे जोड मात्र कुजतात. वर उचललेल्या रस्त्याकडेचे गटार चेंबरपेक्षा उंच झाले असेल, तर कितीही साफसफाई केली तरी पाणी परत येणारच. तिथे उतार नव्याने काढावा लागतो.

शहराच्या मोठ्या भागात भूमिगत मलवाहिन्या नाहीत. भार सेप्टिक टँकवर आहे. बोळिंजला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, पण शहराची गरज त्याहून कितीतरी मोठी. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि क्षेपणभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. न्यायालयाच्या आदेशाने त्या २०२५च्या सुरुवातीपर्यंत पाडण्यात आल्या आणि शेकडो कुटुंबे उघड्यावर आली. मलवाहिन्यांचा प्रश्न इथे का रखडतो, हे यावरून कळावे.

सेप्टिक टँक तुंबला की माणूस आत उतरवण्याची सवय अजून गेलेली नाही. ९ एप्रिल २०२४ रोजी विरार पश्चिमेला एका खासगी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात सफाईसाठी उतरलेल्या चार कामगारांचा गुदमरून मृत्यू झाला. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवण्यास २०१३च्या कायद्याने बंदी आहे आणि ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. काम कंत्राटदाराला दिले म्हणून सोसायटीचे पदाधिकारी मोकळे होत नाहीत. उपसा गाडी बोलवावी. ‘हा रोजचाच माणूस आहे, उतरेल’ हे वाक्य ऐकले की काम तिथेच थांबवावे.

खर्च कोणी करायचा?

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचे उत्तर आहे. बाहेरच्या सामाईक नळवाहिन्या, मलवाहिन्या, टाक्या, पंप, सेप्टिक टँक, गच्ची आणि पावसाच्या पाण्याची गळती संस्थेकडे. शौचालय, सिंक वगैरेंमुळे घरातून होणारी अंतर्गत गळती त्या सदस्याच्या खर्चाने. म्हणजे वर सांगितलेल्या चाचण्या फक्त प्लंबरच्या सोयीच्या नाहीत; पैसे कोणी द्यायचे हे त्याच ठरवतात. चाचणीचा दिवस, वेळ, हजर असलेल्यांच्या सह्या आणि छायाचित्रे, एवढे कागदावर असले तर निम्मे भांडण मिटते. तपासणीसाठी पूर्वसूचना देऊन घरात येण्याचा अधिकार उपविधी समितीला देतात. तरीही सदस्य ऐकत नसेल तर गळतीचे वाद सहकार न्यायालयात जातात. त्याला वेळ लागतो आणि तोवर छत गळतच राहते. त्यामुळे तातडीची दुरुस्ती संस्थेने करून घेऊन वसुली नंतर करावी, असा ठराव सर्वसाधारण सभेत आधीच करून ठेवलेला बरा.

उपविधींनुसार दुरुस्ती निधी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के जमवायचा असतो. पण इथल्या कितीतरी इमारतींत संस्थेची नोंदणीच नाही, भोगवटा प्रमाणपत्र नाही, जमिनीचे अभिहस्तांतरण झालेले नाही. तिथे निधी नाही, समिती नाही; दर महिन्याला जो कोणी पुढाकार घेईल तो वर्गणी मागतो. अशा ठिकाणी निदान सामाईक वाहिन्यांसाठी वेगळे बँक खाते आणि लेखी हिशेब, इतके तरी जमवता येते.

एवढ्या ठिबकण्याने इमारतीचे काय बिघडते?

स्लॅबमधल्या सळईपर्यंत ओलावा पोहोचला की ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो आणि भोवतालचे काँक्रीट आतून फोडतो. आधी केसासारखी चीर, मग पोपडा, मग सळई उघडी. जुन्या इमारतींत हे बहुधा बाथरूमच्या स्लॅबला आणि डक्टलगतच्या तुळईला आधी होते, कारण तिथे ओल कायमची असते. पडलेल्या जागी प्लास्टर थापून वर खोटे छत बसवणे हा सर्वात घातक उपाय. रोग झाकला जातो आणि पुढची चीर कोणाला दिसत नाही.

२६ ऑगस्ट २०२५च्या रात्री विरार पूर्वेला विजयनगरमधील रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जणांचा जीव गेला. ती अनधिकृत इमारत तीस वर्षांचीही नव्हती. तेव्हापासून छतावरच्या डागाकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात, आणि ते योग्यच आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५ (अ) नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. उपविधी तर पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीसाठी दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ती करायला सांगतात. तपासणीला येणाऱ्या अभियंत्याला दर्शनी भिंतींऐवजी आधी बाथरूमची छते आणि डक्ट दाखवावेत. डक्टमध्ये भंगार, जुन्या लाद्या, कोणाचे तरी कपाट असे सामान असेल तर ते आधी हटवावे लागेल. बऱ्याच इमारतींत डक्टचा तळ वर्षानुवर्षे कोणी पाहिलेला नसतो.